तात्या म्हणायचे, “सही मागनं कर, आधी ऐक”

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा,
यांस सादर नमस्कार.

गेल्या पौषात आमच्या गल्लीतले हवालदार तात्या वारले. वय ७६. माजी सैनिक संघटनेची माणसं आली, पुष्पचक्र वाहिलं, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी आरोळी दिली. गल्लीतली लहान पोरं चकित होऊन बघत होती. त्यांना तात्या ठाऊक होते ते गाड्या विकणारे आजोबा म्हणून.

तात्या जंगी पलटणीचे, म्हणजे १ मराठा लाइट इन्फंट्रीचे. मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर, कुठंही जा, फौजेत गेलेला माणूस भेटणारच. तात्या १९६७ साली अठराव्या वर्षी भरती झाले आणि १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या लढाईत, तिथल्या जमालपूरला होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण शत्रूच्या पाठीमागं गेली आणि टांगाईलकडं जाणारा रस्ता अडवून बसली. शरण या, अशी चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी पाठवली होती. पाकिस्तानच्या बलुच पलटणीच्या कमांडरनं उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० तारखेच्या रात्री ती बलुच पलटण वेढा फोडून निघाली ती थेट आमच्या मराठ्यांच्या मोर्च्यांवर आली. ११ ला सकाळी जमालपूर पडलं.

त्या रात्रीबद्दल तात्या फार बोलत नसत. “पायमोजे ओले होते तीन दिवस,” एवढंच. पुढं ढाक्याच्या वाटेवर पुंगली पुलापाशी विमानातून छत्रीनं उतरलेली आपलीच २ पॅरा पलटण भेटली, ते मात्र रंगवून सांगायचे. ती पलटण मूळची ३ मराठा. “बंगालात मराठी शिव्या ऐकल्या रे बा, डोळ्यांत पाणीच आलं,” म्हणायचे.

१९८२ ला पेन्शन घेऊन आले आणि पुढच्या वर्षी गाड्यांच्या धंद्यात शिरले. त्याच डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली. आधी अँबॅसिडर आणि पद्मिनी एवढंच ठाऊक असलेल्या गावात लोक नंबर लावून गाडीची वाट बघू लागले. तात्यांनी तीस वर्षं हेच काम केलं. नवी गाडी घेतलेला माणूस कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाला नारळ फोडायला निघाला की तात्या बरोबर जायचे, चाकाखाली लिंबू स्वतः ठेवायचे.

साहेब, आता मुद्द्याचं सांगतो. तात्यांनी कुणालाही न वाचता सही करू दिली नाही. कर्जाचे कागद इंग्रजीत. घेणारा कडोलीचा असला तर तात्या त्याला मराठीत पान न् पान समजावून सांगत, बैलहोंगलचा शेतकरी असला तर कन्नडमध्ये. कन्नड ते शोरूममध्येच शिकले. “सही मागनं कर, आधी ऐक,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी माझी पहिली गाडी घेतली तेव्हा पेन हातात धरून पाऊण तास ऐकत बसलो होतो. “शेवटचा हप्ता भरला म्हंजे गाडी तुझी झाली असं समजू नको. बँकेकडनं एनओसी घे, कर्ज फिटल्याच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का घे आणि आरसी बुकातनं बँकेचं नाव काढून घे.” मी विसरलो. हप्ते संपले त्या महिन्यात त्यांचाच फोन आला, “नाव काढलास काय?” त्यांच्या डायरीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख होती.

अशा माणसाच्या बायकोला आज तिचा कागद वाचून दाखवणारा कुणी नाही.

माईंना मराठी वाचता येतं, तेही सावकाश, बोट फिरवत. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या माझ्यासोबत पाच वेळा फिरल्या. मृत्यूच्या दाखल्यावर तात्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘ले’ होतं तिथं ‘ला’ झालंय. मराठी नाव कन्नडमध्ये लिहिलं, त्यावरून इंग्रजी केलं. फौजेच्या कागदात माईंचं माहेरचं नाव, आधारावर सासरचं. एका खिडकीवर त्यांना कन्नडमध्ये छापलेला फॉर्म मिळाला. काय लिहायचं विचारल्यावर “कुणाकडनं तरी भरून आणा,” असं सांगितलं. बाहेरच्या टपरीवरच्या पोरानं दीडशे रुपये घेऊन तो भरला. माईंनी अंगठ्याजवळची शाई पुसत मला विचारलं, “मी कशावर सही केले रे?”

मला सांगता आलं नाही. तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. माईंचा कागद तोवर थांबू शकत नाही. आपलं गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० नं दिलाय. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हेही केव्हाच ठरलेलं आहे. कन्नड काढा असं कुणी म्हणत नाही. तात्यांनी तर ती भाषा जिवापाड प्रेमानं शिकली होती. कन्नडशेजारी मराठी ठेवा, एवढंच.

जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कामासाठी आठवड्यातून एक दिवस मराठी वाचणारा-बोलणारा माणूस बसवा. मृत्यूचा दाखला छापण्याआधी घरच्यांना नाव त्यांच्या लिपीत दाखवून खात्री करून घ्या. आणि १९७१ ला लढलेली जी माणसं अजून गावोगावी आहेत, ती आता पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढंच असणार. त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्याच भाषेत लिहून घ्यायचं काम जिल्ह्यानं हाती घ्यावं. तात्यांचं मी लिहून घेतलं नाही. ओल्या पायमोज्यांच्या पुढचं कधी विचारलंच नाही.

माणूस मिळत नसेल तर शुक्रवारी मी येऊन बसतो, पगार नको. माईंच्या कागदांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. आडनावाच्या जागी लाल पेनानं खूण केली आहे.

आपला नम्र,
तात्यांचा एक शेजारी
बेळगाव