तक्रार: गिअर केबलचा एवढासा बुश सुट्टा विकत नाही म्हणून अख्खा केबल सेट गळ्यात मारल्याबद्दल

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

तुमच्या कस्टमर केअरला फोन लावला की भाषेत मराठीचा पर्याय येतो, म्हणून राहत इंदूरला असलो तरी मराठीतच लिहितोय. गाडी तुमचीच, पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक, एक्स्टेंडेड वॉरंटी चालू आहे आणि सगळ्या सर्व्हिस तुमच्याच वर्कशॉपला झाल्यात, जॉब कार्डचे फोटो सोबत जोडलेत त्यामुळे "बाहेर कुठे हात लावून घेतलाय का सर" हा प्रश्न कृपया नको.

झालं असं की राजवाड्याकडून रामबागेत घरी येत होतो, सिग्नलला थांबलो आणि पहिला टाकून क्लच सोडला तर गाडी गचका देऊन बंद. परत स्टार्ट, परत तेच. लिव्हर डावीउजवीकडे नुसता लुळा पडलेला, एरवी जो स्प्रिंगचा ताण हाताला लागतो तो नाहीच. पुढे ढकलला की तिसरा, मागे ओढला की चौथा, बाकी पहिला दुसरा पाचवा सगळे गायब. मागचे हॉर्न वाजवतायत, मी तिसऱ्यावर क्लच जाळत कशीबशी गाडी गल्लीपर्यंत आणली. आणि इथे खरी भीतीची गोष्ट, गल्लीत रिव्हर्स टाकला, लिव्हर बरोबर रिव्हर्सच्या जागी, पण क्लच सोडताच गाडी पुढे उडी मारून बंद पडली! समोर शेजाऱ्यांची ॲक्टिव्हा होती, थोडक्यात वाचली. नंतर लक्षात आलं की सेन्सरची पिपपिप पण झाली नव्हती, कारण रिव्हर्सचा स्विच गिअरबॉक्सवर असतो आणि गिअरबॉक्सला बिचाऱ्याला कळलंच नव्हतं की मी रिव्हर्स मागतोय, त्यानं चौथा घेतला होता. शेवटी पोरांनी ढकलून गाडी लावून दिली.

तुमच्या वर्कशॉपला फोन केला तर बॉनेट न बघताच "क्लच प्लेट असेल, नाहीतर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, टो करून आणा". छातीत धस्स झालं. म्हणून आधी कोपऱ्यावरच्या उस्तादला बोलावलं. त्यानं एअर फिल्टरचा डबा बाजूला केला, टॉर्च मारली आणि लगेच म्हणाला, भिया, गियरबॉक्स को किसी को हाथ मत लगाने देना, ये देखो. गिअरबॉक्सकडे दोन केबल जातात, एक लिव्हर पुढेमागे करते ती शिफ्टची आणि एक डावीउजवीकडे करते ती सिलेक्टची. त्यातल्या सिलेक्ट केबलचं टोक बॉल पिनवरून, म्हणजे ते जिथे अडकतं त्या गोल डोक्याच्या खुंटीवरून, निसटून लोंबत होतं. टोकाच्या कडीत प्लास्टिकचा जो बुश, म्हणजे भोकाचं छोटं अस्तर, दाबून बसवलेला असतो त्याचा पार भुगा झालेला, बोटात धरला तर पापडासारखा मोडला. केबल सुटली की गिअरबॉक्सची आतली स्प्रिंग सिलेक्टरला, म्हणजे गिअरची रांग निवडणाऱ्या भागाला, मधल्या तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणून ठेवते, म्हणून तिसरा आणि चौथा तेवढे चालत होते. म्हणजे क्लच ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, केबलसुद्धा ठणठणीत, गेलाय फक्त एक बुश, अंगठ्याच्या नखाएवढा. हे सगळं त्यानं उभ्याउभ्या सांगितलं आणि तुमच्या कॉम्प्युटरवाल्या ॲडव्हायझरला नाही सांगता आलं, असो. त्यानं तार बांधून केबल जागेवर बसवली, पाचही गिअर आणि रिव्हर्स पडायला लागले. लेथवर नायलॉनचा बुश करून देतो असंही म्हणाला, पण बाहेरचा पार्ट टाकला तर वॉरंटी जाईल असं तुमच्याच माणसानं फोनवर बजावलेलं, म्हणून शहाण्यासारखा तुमच्याकडे आलो.

तिथे काय झालं ते नीट वाचा. मी म्हणालो बुश द्या. ॲडव्हायझर म्हणाला बुश सुट्टा येत नाही सर, पूर्ण असेंब्लीच येते. बरं मग सिलेक्टची एक केबल द्या. तीही नाही, दोन्ही केबलचा मिळून एकच पार्ट नंबर आहे, स्क्रीन फिरवून दाखवला पण. म्हणजे जी शिफ्टची केबल उत्तम चालतेय तिचेही पैसे मीच भरायचे. मग वॉरंटीत करा म्हटलं, तर म्हणे बुश हा झिजणारा पार्ट आहे, रबर प्लास्टिक वॉरंटीत बसत नाही. लेबर आणि जीएसटी धरून साडेसहा हजारांच्या पुढे बिल झालं. वर नवीन केबल बसवल्यावर ॲडजस्टमेंट पण नीट केली नव्हती, पाचवा अडकत होता, तो परत नेऊन ठीक करून घ्यावा लागला. जुन्या केबल मी भांडून घरी आणल्यात, कोणीही येऊन ओढून बघा, दोन्ही लोण्यासारख्या सरकतात.

आता माझा मुद्दा एवढाच आहे आणि त्याचं सरळ उत्तर पाहिजे. बुश झिजणारा पार्ट आहे असं तुम्ही म्हणताय ना, मग ब्रेक पॅडसारखा तो सुट्टा विका, त्याला पार्ट नंबर द्या, सर्व्हिस बुकात किती किलोमीटरला बघायचा ते लिहा. आणि तो सुट्टा विकायचा नसेल, तो केबलचाच भाग आहे म्हणत असाल, तर मग केबल वॉरंटीत बसते, ती फुकट बदलून द्या. विकताना तो केबलचा भाग आणि वॉरंटीच्या वेळी एकटा बुश, असं दोन्हीकडून कसं चालेल? ब्रेक पॅड मी ब्रेक मारून झिजवतो हे मान्य, हा बुश तर इंजिनच्या उष्णतेनं वाळून कडक होतो आणि तडकतो, इंदूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली काय भट्टी असते ते तुमच्या इंजिनिअरना माहीत नसेल असं नाही. आमच्या वडिलांच्या मारुती 800 ला केबल नव्हती, रॉड होता, त्याचे बुश झिजले की कुठल्याही पार्टच्या दुकानात बुश किट मागायचं आणि अर्ध्या तासात काम व्हायचं. त्या गाडीला जे जमत होतं ते आज का जमत नाही?

हे मी एकटाच बडबडतोय असंही नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोकला होता तो स्पेअर पार्ट खुल्या बाजारात मिळू न देण्यावरूनच. पुढे अपिलं वगैरे झाली, पण मुद्दा तोच होता. डिसेंबर 2022 पासून ग्राहक व्यवहार खात्याचं राइट टू रिपेअर पोर्टल आहे, त्यात गाड्याही येतात.

मला हवंय ते असं, केबल सेटचे पैसे परत पाहिजेत, बुशची जी काय रास्त किंमत असेल ती खुशाल कापून घ्या, लेबरबद्दल मी वाद घालत नाही. बुश सुट्टा मिळणार की नाही हे लेखी कळवा. आणि निदान सर्व्हिसला गाडी आली की ही दोन टोकं टॉर्च मारून बघायला मेकॅनिकला सांगा, एअर फिल्टर साफ करायला तो डबा तर तुम्ही उघडताच. रिव्हर्स टाकल्यावर गाडी पुढे जाते ही गोष्ट मामुली झीज म्हणून सोडून देण्यासारखी नाही, गल्लीत पोरं खेळत असतात.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवणार आणि तिथूनही नाही झालं तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली इंदूरच्या जिल्हा आयोगात जाणार, त्याला दोन वर्षांची मुदत असते त्यामुळे मला घाई नाही. बिल, जुन्या केबलचे आणि बुशच्या तुकड्यांचे फोटो जोडलेत, नाव आणि नंबर बिलावर आहेच. फक्त एक विनंती, त्या "फीडबॅकला दहापैकी दहा द्या ना सर" वाल्या मुलीला फोन करायला लावू नका, तिचा यात काही दोष नाही, पार्ट नंबर कोण ठरवतं त्या माणसाला लावा.

आपला,
एक ग्राहक
रामबाग, इंदूर