‘खरे वय’ सांगणाऱ्या रक्तचाचण्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या एकाच तपासणीतून शरीराचे ‘खरे वय’ सांगणाऱ्या पॅकेजांविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. रक्त तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून त्यात राहून गेलेला एक प्रश्न आवर्जून मांडते. ज्या संशोधनावर हा आकडा उभा आहे, त्यात त्याच माणसांचे रक्त वर्षानुवर्षे तपासले होते का?

टॉरिनचे पाहा. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डॉ. विजय यादव आणि सहकाऱ्यांनी मांडले की हे अमिनो आम्ल उंदीर, माकडे आणि माणसे या तिघांच्याही रक्तात वयाबरोबर घटते. साठीच्या माणसात ते पाच वर्षांच्या मुलाच्या साधारण एक तृतीयांश सापडले. पण आजच्या मुलाचे रक्त म्हणजे साठीच्या त्या माणसाचे लहानपणचे रक्त नव्हे. खाणेपिणे, आजारपणे, सगळेच निराळे. जून २०२५ मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेतील शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला. त्यांच्या हाताशी १९५८ पासून चालू असलेल्या बाल्टिमोरच्या वार्धक्यविषयक पाहणीतले, त्याच माणसांचे पुन्हा पुन्हा घेतलेले नमुने होते. रीसस माकडे आणि उंदीरही तपासले. टॉरिन कुठेच वयाबरोबर घटले नाही. ते वाढले, नाहीतर तेवढेच राहिले. माणसामाणसांतला फरक तर वयामुळे पडणाऱ्या फरकाहून पुष्कळदा मोठा निघाला. टॉरिन खाऊ घातलेले उंदीर दहा-बारा टक्के जास्त जगले, हा २०२३ चा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. मात्र वय ओळखण्याची खूण म्हणून टॉरिनवर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी बाजू प्रयोगशाळेतली. मॉर्गन लेव्हिन यांनी २०१८ मध्ये मांडलेले ‘फीनोएज’ हे रक्तावरून शरीराचे वय काढण्याचे गणित नेहमीच्या नऊ मोजमापांवर चालते: अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ग्लुकोज, सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारे प्रथिन), अल्कलाइन फॉस्फेटेज आणि सीबीसीतले, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीतले, चार आकडे. नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाचे सीआरपी चढलेले असते. ग्लुकोजचे रक्त पेशींचे साखर खाणे रोखणाऱ्या फ्लोराइडच्या बल्बऐवजी साध्या (प्लेन) बल्बमध्ये घेतले आणि सेंट्रिफ्यूजला लावायला उशीर झाला, तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा उतरतो. पहिला रिपोर्टात म्हातारा ठरतो, दुसरा तरुण. दोघांच्या शरीरात वयाचे काहीच घडलेले नसते! असा रिपोर्ट हाती घेऊन हवालदिल होणारी माणसे मी पाहिली आहेत.

चिकाटीने पाठपुरावा करणारे काम आपल्याकडेही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला आणि गरोदर बायकांपासून त्यांची मुले मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासण्या केल्या. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक पाहणीत २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढची माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा सुमारे ७२ हजार लोकांची माहिती घेतली गेली. बोटाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर टिपून ठेवले. त्याच लोकांकडे परत जायचे, अशी त्या पाहणीची आखणी आहे. भारतीय माणसाचे रक्त वयाबरोबर कसे बदलते, हे अशा कामातून कळेल. त्याला पैसा आणि वेळ मिळायला हवा.

पुरवणीत यापुढे अशा चाचणीची माहिती देताना ती कोणावर, किती वर्षे आणि त्याच लोकांवर पडताळली का, हे त्याच मजकुरात छापावे. आणि एखादा दावा पुढे टिकला नाही, तर ती बातमीही तेवढ्याच ठळकपणे द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा