हवेतून आलेली गोणी

मानहाइम, जर्मनी
दि. १४ डिसेंबर

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे, जेवण वेळेवर होते, खोकलाही गेला आहे आणि आईने दिलेले स्वेटर एकावर एक घालण्याची वेळ अजून आलेली नाही. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी मी तिथे नव्हतो, म्हणून निदान हे पत्र तरी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहीत आहे.

ओमने वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘मानवी इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा शोध’ या विषयावर मुद्दे मागितले आहेत. त्यावरून घरात वाद झाला, तुम्ही चाकावर अडून बसलात, वहिनींनी मोबाईल म्हटले आणि आईने ‘पिठाची गिरणी’ एवढेच म्हणून विषय संपवला, हे दादाकडून कळले. जात्यावर बसलेल्या आजीचे हात मला आठवतात, त्यामुळे आईचे म्हणणे मला निम्मे पटते. पण माझे उत्तर आपल्या पडवीच्या कोपऱ्यात रचलेले असते. ते म्हणजे युरियाची गोणी.

ओमला वाटेल, काका जर्मनीत राहून गोणीचे काय सांगतो. आणि खरेच, या शहरात मिरवण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे. सायकलचा मूळपुरुष इथलाच. १२ जून १८१७ रोजी कार्ल द्राईस लाकडी दुचाकीवर बसून, पायांनी जमीन रेटत शहराबाहेर गेला आणि परत आला, पायडल नव्हतेच. कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ ला घेतले तेही इथूनच, पण ती गाडी लांबच्या रस्त्यावर चालते हे जगाला दाखवले त्याच्या बायकोने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना घेऊन, शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरगावी गेली. वाटेत तिने इंधन औषधाच्या दुकानातून घेतले आणि तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. आईला हे जरूर वाचून दाखवा. लांझ कंपनीचा ‘बुलडॉग’ ट्रॅक्टरही १९२१ सालचा, याच गावचा. म्हणजे सायकल, मोटार आणि ट्रॅक्टर, आपल्या अंगणातली तिन्ही वाहने मानहाइमला आपले आजोळ म्हणू शकतील.

तरीही मी ऱ्हाईन नदीच्या पलीकडे बोट दाखवीन. तिथे लुडविग्सहाफेन आहे आणि आता त्याचाच भाग झालेले ओपाऊ. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करणारा जगातला पहिला मोठा कारखाना बीएएसएफ या रसायन कंपनीने १९१३ साली ओपाऊला सुरू केला. हवेत ७८ टक्के नत्र असते, म्हणजे पीक नत्रात बुडालेले असते आणि तरी उपाशी राहते, कारण नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की रोपाला ते सोडवता येत नाहीत. ते काम वीज कडाडताना थोडेसे होते आणि द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू ते करतात. आजोबा उसाआधी ताग गाडत, ते त्या जीवाणूंचीच मजुरी वापरत होते.

फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कार्ल्सरूहेच्या प्रयोगशाळेत नत्र आणि हायड्रोजन यांचा मेळ घालून थेंब थेंब अमोनिया काढून दाखवला. थेंबांचा कारखाना करणे मात्र बीएएसएफच्या कार्ल बॉशच्या वाट्याला आले, आणि मला त्याचेच कौतुक जास्त वाटते, कदाचित माझेही पोट यंत्रांवर चालते म्हणून असेल. सुमारे दोनशे पट वातावरणाचा दाब आणि पाचशे अंशांची उष्णता यांत पोलादाच्या नळ्या काही दिवसांतच फुटत. हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन काढून घेई आणि धातू ठिसूळ होई. बॉशने आत मऊ लोखंडाचे अस्तर घातले आणि बाहेरच्या जाड पोलादी नळीला बारीक भोके पाडली. अस्तरातून झिरपलेला वायू त्या भोकांतून निघून जाई आणि पोलाद शाबूत राही. गळती बुजवणारे सगळेच असतात. हा गळतीला वाट करून देणारा निघाला. त्याचा सहकारी आल्विन मिटाशने हजारो चाचण्या करून, हा मेळ वेगाने घडवणारा उत्प्रेरक म्हणून ऑस्मियम या महागड्या धातूऐवजी साध्या लोखंडावर भागेल असे मिश्रण शोधले. अलिबागजवळ थळला होणारा युरियाही अशाच अमोनियापासून बनतो. आपल्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असते आणि आज जगातली सुमारे निम्मी माणसे अशा नत्रावर पिकलेले अन्न खातात.

ओमने नुसते गुणगान करू नये. याच अमोनियाने पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या दारूगोळ्याची सोय केली आणि १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र येथे शत्रूवर विषारी क्लोरीन वायू सोडण्यामागेही हाबरच होता. अमोनियासाठीचे १९१८ चे नोबेल त्यालाच मिळाले. टाळी वाजवावी की नाही, हे परीक्षकांनी ठरवावे.

आईच्या कानावर ओपाऊच्या स्फोटाची गोष्ट कोणी घातली ते कळले नाही, पण तो २१ सप्टेंबर १९२१ चा आहे. साठवणीत दगडासारखे घट्ट झालेले खत सुटे करायला सुरुंग लावत, तशा एका वेळी ते खतच फुटले आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. त्याला शंभर वर्षे उलटली. मी नदीच्या अलीकडे राहतो, माझे काम टेबलावरचे आहे, आणि खिडकीतून त्या बाजूची धुराडी दिसतात ती फक्त हवा स्वच्छ असेल तेव्हा.

खिडकीवरून आठवले. इथे कडाक्याच्या थंडीत, बाहेर शून्याखाली पारा असताना, लोक रोज सकाळ-संध्याकाळ घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. नुसती फट ठेवलेली चालत नाही, पूर्णच उघडावी लागते. आधी हीटर बंद करायचा, पाच-दहा मिनिटे गारठत उभे राहायचे, मग सगळे लावून घ्यायचे. याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे आणि माझ्या भाडेकरारात तसे कलमही आहे. खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या असल्यामुळे आतली दमट हवा बाहेर जात नाही, थंड भिंतीवर तिचे पाणी होते आणि बुरशी धरते, हे कारण मला पटले. पण भाताला कुकर लावलेला असताना घरमालकीणबाईंनी दार वाजवून खिडक्या उघडायला लावल्या, तेव्हा राग आला. ज्या हवेसाठी हे लोक एवढे कुडकुडतात, तिच्यातूनच यांनी खत काढले, असे मनात आले आणि राग गेला.

तुम्ही सोसायटीतून सायकलच्या कॅरिअरवर गोणी आडवी बांधून आणायचा, मी मागून एका हाताने ती धरून चालायचो. शिवणीतून पांढरे दाणे सांडत आणि त्यांवर ओल पडली की ते लगेच विरघळत. रिकामी गोणी आई धुऊन उन्हात घाली आणि तिच्यावर शेवया वाळत. माझ्या फीचे पैसे त्याच उसातून आले. आता ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात क्षार फुटला आहे असे दादा म्हणाला. पाणी आणि युरिया दोन्ही जरा कमी करावे, माती तपासून घ्यावी आणि एकदा ताग गाडावा, असे मला वाटते. सात वर्षे शेतात पाऊल न टाकणाऱ्याने हे लिहू नये, हेही मला वाटते.

या महिन्यात ₹६०,००० ऐवजी ₹४०,००० पाठवले आहेत. ठिबकचा हप्ता आधी भरा, सोसायटीचे उरलेले मी मार्चपर्यंत देतो. काळजीचे कारण नाही, बाकीचे तिकिटासाठी बाजूला ठेवले आहेत; म्हणजे तिकीट अजून काढलेले नाही. कासेगावच्या स्थळाला मी नाही म्हणालेलो नाही. फोटो पाहिला. पण मुलीला इकडे यायचे आहे का, हे तिच्या वडिलांना न विचारता वहिनींनी तिलाच विचारावे, आणि मी तिकडे कायमचा कधी येणार, हे तिने विचारले तर तूर्त काही सांगू नये.

तुमचा,
संदीप

ता. क. : जुनी सायकल भंगारात देणार असे दादा म्हणाला. मी येईपर्यंत देऊ नका.