शाफ्टमधल्या काळ्या वायरींना वाली कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उंच इमारतीत आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किटचा संशय’ हमखास असतो. त्याच्याच खाली बरेचदा आणखी एक ओळ असते, की आग विजेच्या डक्टमधून वरच्या मजल्यांवर पसरली. पहिल्या ओळीवर चार दिवस चर्चा होते, दुसरीकडे कुणी फारसे बघत नाही. माझी उभी नोकरी दूरसंचार खात्यात केबलच्या कामावर गेली, म्हणून हे पत्र त्या दुसऱ्या ओळीबद्दल.

आमची सोसायटी ठाण्यातली, चौदा मजल्यांची. गेल्या महिन्यात सातव्या मजल्यावर लिफ्टशेजारच्या शाफ्टचे, म्हणजे वायरींसाठी सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या उभ्या पोकळीचे (डक्ट म्हणतात तो हाच), प्लायचे दार उघडून पाहिले. विजेचे रायझर, म्हणजे खालून वरच्या मजल्यांना वीज नेणाऱ्या जाड केबली, भिंतीला क्लॅम्पने नीट धरलेले आहेत, ते काम जाणत्या हाताचे आहे हे दिसते. पण त्यांच्या अंगावर इंटरनेट आणि केबल टीव्हीच्या वायरींचा मनगटाएवढा जुडगा, प्लास्टिकच्या टायने थेट रायझरलाच आवळलेला. त्यातल्या बऱ्याचशा मेलेल्या. केबल टीव्ही गेला, त्याची को-ॲक्सियल वायर राहिली. कंपनी बदलली, आधीच्या कंपनीची फायबर तशीच लोंबते आहे. नवी ओढायची, जुनीला हात लावायचा नाही, हा या धंद्याचा रिवाज. काढायची मजुरी देणार कोण? वायरींसाठी स्लॅबमध्ये ठेवलेले भोक छिन्नीने वाढवत वाढवत एवढे झाले आहे की सातव्यावर उभे राहून सहाव्यावरचा दिवा दिसतो. आणि एका कोपऱ्यात कुणाचे तरी थर्माकोलचे मखर, पुढच्या गणपतीची वाट बघत.

घरात वायरिंग करताना आता लोक चोखंदळ झाले आहेत. दुकानात जाऊन ‘एफआर-एलएसएच द्या’ म्हणतात, म्हणजे आग सहज न पसरवणारी, कमी धूर आणि कमी आम्लवायू सोडणारी वायर. चांगलेच आहे. घरातल्या पीव्हीसी वायरीचे आपले मानक आयएस 694. त्यात या प्रकारच्या वायरीचा ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे ती जळत राहायला हवेत निदान किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा, किमान 29 लागतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे बाहेरची ज्योत बाजूला केली की साध्या हवेत ती वायर जळत राहू नये. धुरातून निदान 40 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे आणि आम्लवायूचे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, अशाही अटी आहेत. पीव्हीसी जळाले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, तो डोळ्यांत गेला की माणसाला समोरचा जिना दिसत नाही, म्हणून या अटी. क्लोरीनच नसलेल्या वायरींसाठी आयएस 17048 हे वेगळे मानक 2018 पासून आहे.

आता शाफ्टमधली ती काळी केबल बघा. खांबाखांबावरून ओढायच्या केबलला बाहेरून काळ्या पॉलिथिनचे आवरण असते, ऊनपाऊस सोसावा म्हणून. बाहेर ती उत्तम, वर्षानुवर्षे टिकते. मी स्वतः असल्या केबली किलोमीटरच्या हिशेबात टाकल्या आहेत. पण साध्या पॉलिथिनचा ऑक्सिजन इंडेक्स 17-18 च्या घरात. एकदा पेटले की ते साध्या हवेत मेणबत्तीसारखे जळत राहते आणि जळते थेंब खाली टाकते. उभ्या शाफ्टमध्ये खाली काय असते? मखर. इमारतीच्या आत वापरायची, कमी धुराची आणि हॅलोजन (क्लोरीनसारखी द्रव्ये) नसलेली फायबर बाजारात मिळते, पण आपल्याकडे येणारा पोरगा खांबावरचे रीळ तसेच गच्चीवरून खाली सोडतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला रोज अमुक इतकी कनेक्शने द्यायची असतात.

आणखी एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. आयईसी या विजेच्या आंतरराष्ट्रीय मानकांतली एक चाचणी एकट्या वायरीची असते: जेमतेम 60 सेंटिमीटरचा तुकडा उभा टांगून ज्योत लावायची. दुसरी जुडग्याची: साडेतीन मीटर लांबीच्या केबली उभ्या शिडीला बांधून खालून पेटवायच्या आणि बर्नरपासून अडीच मीटरच्या वर करपता कामा नयेत. एकटी वायर शहाण्यासारखी विझते, तीच वीसजणींच्या घोळक्यात भडकू शकते, कारण प्रत्येकीची आच शेजारणीला मिळते. शाफ्टमध्ये असतो तो घोळकाच. आणि मेलेल्या वायरीतून करंट जात नसला तरी ती जळायची राहत नाही.

नियम नाहीत असे मुळीच नाही. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात स्वच्छ लिहिले आहे की विजेच्या केबलींना स्वतंत्र शाफ्ट हवा, तो प्रत्येक मजल्यावर आगरोधक साहित्याने बंद हवा, आणि टेलिफोन, इंटरकॉम, पाणी, गॅस यांच्या लाइनी त्यात टाकू नयेत. शाफ्टची दारे दोन तास आगीला तोंड देणारी हवीत. आमचे दार प्लायचे आहे, त्यावर ‘डेंजर’ लिहिले आहे.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. आमच्याकडेही एजन्सीचा माणूस येतो. सिलिंडरचा काटा बघतो, पंप चालू करायला लावतो, होजरीलवर टिचकी मारतो. शाफ्टचे दार उघडायला मी सांगितले तेव्हा म्हणाला, ‘काका, ते इलेक्ट्रिकलमध्ये येतं.’ वीज कंपनीच्या माणसाला विचारले, तो म्हणाला आमची हद्द मीटरपर्यंत. इंटरनेटवाल्याच्या हेल्पलाइनवर आधी एक दाबा, मग दोन दाबा. अशी ही तीन घरची पाहुणी उपाशी.

सर्वसाधारण सभेत विषय काढला तर ‘आजवर काही झालंय का?’ हा ठरलेला प्रश्न आला, आणि त्याहून मोठी काळजी, की जुन्या वायरी काढताना चुकून चालू नेट तुटले तर घरून काम करणाऱ्यांनी काय करायचे. शेवटी एका उत्साही सभासदाने हार्डवेअरच्या दुकानातून पिवळ्या फोमचे कॅन आणून दोन मजल्यांची भोके बुजवली. दिसायला छान. तो साधा पॉलियुरेथेन फोम.

त्या फोमवरून अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राची आठवण काढावीच लागते. 22 मार्च 1975 रोजी अलाबामातल्या या केंद्रात केबली जिथून भिंतीपार जातात ती फट हवाबंद आहे का, हे कामगार मेणबत्ती धरून तपासत होते. फटीत असाच फोम होता, त्याने पेट घेतला आणि सोळाशेहून अधिक केबली जळाल्या. आग सुमारे सात तास चालली. त्याच्या महिनाभर आधीच न्यूयॉर्कमध्ये सेकंड ॲव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरातला केबल व्हॉल्ट पेटून लाखाहून अधिक फोन मुके झाले होते. आपल्याकडे 22 जुलै 2019 ला वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीत आग लागली तेव्हा गच्चीवर अडकलेल्या 84 जणांना अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवले. कुणी दगावले नाही. पण त्या दिवशी टीव्हीसमोरून मी उठलो नाही. खिडक्यांतून तो काळा धूर येत होता आणि एक्स्चेंजच्या आत केबली किती असतात ते मला ठाऊक होते.

भोक बुजवायचे तर आचेने फुगून फट बंद करणारे सीलंट मिळते. जिथे वायरी वरचेवर बदलतात तिथे फायर पिलो म्हणून पिशव्या येतात, त्या काढून परत बसवता येतात. हे काही परग्रहावरचे सामान नाही. लॉबीच्या रंगकामावर आपण करतो त्या खर्चापुढे ते किरकोळ ठरावे.

युरोपात 1 जुलै 2017 पासून इमारतीत कायमच्या बसवायच्या केबलींना, वीज असो वा फायबर, आगीची एकच प्रतवारी सक्तीची आहे. धूर, जळते थेंब आणि आम्लता यांची इयत्ता वेगळी लिहावी लागते. अमेरिकेच्या विद्युत संहितेत बाहेरची केबल इमारतीत शिरल्यापासून साधारण पंधरा मीटरच्या आत संपवावी लागते, आणि हाताशी येणारी मेलेली केबल काढून टाकावी लागते. हे दोन्ही नियम आपल्याला उद्या उचलता येतील. ट्राय या दूरसंचार नियामकाने 2024 मध्ये इमारतींना इंटरनेटच्या सोयीवरून मानांकन द्यायचे नियम आणले. मग त्याच मानांकनात केबल आगीत कशी वागते आणि मजल्यामजल्याचे भोक बंद आहे का, यालाही गुण ठेवा. फॉर्म बीसोबत प्रत्येक मजल्याच्या शाफ्टचा, तारीख दिसेल असा फोटो अग्निशमन दलाने मागावा. एजन्सीला दार उघडावेच लागेल. इंटरनेट कंपनीकडून सोसायटीने अनामत घ्यावी आणि जुनी वायर काढून, भोक बंद केल्याचे दाखवल्यावरच ती परत द्यावी.

आमच्याकडे तूर्त एवढे झाले: शाफ्टला कुलूप लागले, किल्ली वॉचमनकडे आहे, केबलवाला आला की वहीत नाव, कंपनी आणि मजला लिहितो. मखर हलले. पिवळा फोम खरवडायचे काम येत्या रविवारी ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, ठाणे (पश्चिम)

ता. क. नाव छापू नये ही विनंती. फोम मारणारे गृहस्थ आमच्या समोरच्याच दारात राहतात.