जुनी मोटारसायकल : पैसे आधी कशावर खर्च करावेत?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कमी पैशांत जुनी मोटारसायकल घेऊन ती दुरुस्त करून वापरण्याविषयी आपल्या वाहनविषयक पानावर अधूनमधून जो मजकूर येतो, तो मी आवर्जून वाचतो. त्यात इंजिनाची निगा, मायलेज आणि रंगकाम यांविषयी पुष्कळ असते. परंतु गाडी घेऊन झाल्यावर हाताशी उरलेले थोडेसे पैसे आधी कशावर खर्च करावेत, हा प्रश्न बहुधा राहून जातो. नेमक्या याच बाबतीत मी चुकलो असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी घेतलेली गाडी बारा वर्षांची होती. पाहायला गेलो तेव्हा ती पुसून लख्ख केलेली होती आणि पहिल्याच किकला सुरू झाली. इंजिनाला हात लावून पाहिला असता, तर मी येण्यापूर्वी ती तापवून ठेवली होती हे मला तिथेच कळले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीला किका मारून पाय दुखला आणि सुरू झाल्यावर मागून निळसर धूर निघू लागला. चार स्ट्रोकच्या गाडीत निळा धूर म्हणजे ऑईल जळत असल्याची खूण. तो सुरुवातीला थोडा वेळ येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. अ‍ॅक्सिलरेटर पिळताना सतत येत राहिला तर पिस्टन-रिंगा झिजल्याची शक्यता अधिक. माझी गाडी दुसऱ्या प्रकारात मोडत होती. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवला आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली सगळी रक्कम त्यातच संपली.

इंजिन उत्तम झाले, यात शंका नाही. मात्र हँडल सरळ रेषेत आले की किंचित अडकत असे आणि जुन्या गाडीचा स्वभाव समजून मी ते सोडून दिले होते. पुढे एका मेस्त्रींनी गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचे चाक जमिनीपासून सुटेल असे मागे वजन दिले आणि हँडलचे टोक दोन बोटांनी धरून मला सावकाश फिरवायला लावले. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे थांबत होते. वर्षानुवर्षे खड्ड्यांचे दणके बसून कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या, वाट्यांमध्ये छऱ्यांच्या खळ्या पडल्या होत्या. त्यांनी मग खाली वाकून मागच्या टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. माझा टायर गाडीच्याच वयाचा निघाला. नक्षी पुरेशी खोल असल्यामुळे मी तो चांगला समजत होतो. प्रत्यक्षात त्याच्या बगलेत नखाने चाचपता येतील अशा भेगा होत्या.

इंजिन कुरकुरले तर फार तर गाडी ढकलत घरी आणावी लागते. ब्रेक, टायर किंवा हँडल दगा देते तेव्हा मात्र सावरायला वेळ मिळत नाही. तरीही गाडी पाहायला गेलेले आपण सगळे कान देऊन इंजिनच ऐकतो, कारण आवाज तेच करते. म्हणून माझे म्हणणे असे, की कागदपत्रांवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून झाला की पहिला खर्च टायर, ब्रेक, कोनसेट आणि चेन यांवर व्हावा, आणि इंजिन चालत असेल तर ते थोडे धूर काढत का होईना, पुढच्या खेपेपर्यंत थांबू द्यावे.

ब्रेकच्या बाबतीत ड्रम असेल तर चाक उघडून लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे अस्तर, किती उरले आहेत ते पाहणे आणि आतली भुकटी साफ करणे एवढे काम असते. डिस्क असेल तर पॅडइतकेच ब्रेक ऑईल महत्त्वाचे, कारण ते हवेतली ओल शोषून घेते. सतत ब्रेक दाबून ते तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर पोकळ लागू लागतो. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ते बदलावे असे सांगितले जाते. जुन्या गाडीत शेवटचे कधी बदलले हे कुणालाच माहीत नसते, तेव्हा ते आल्याआल्याच बदललेले बरे. चेनचा सैलपणा बहुतेक गाड्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर असावा लागतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी तो मोजावा. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे लोंबती अशी चेन कितीही ताणली तरी उपयोग नाही. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूला कललेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेनही लवकर जाते.

उलट, ‘इंजिन गेले आहे’ म्हणून स्वस्तात काढलेल्या काही गाड्यांचे दुखणे अगदीच किरकोळ असते. बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, चिकट थर मागे राहतो. त्यातल्या पायलट जेटचे, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या तोटीचे, छिद्र सहसा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. ते बुजले की गाडी चोकवर चालते आणि चोक काढताच बंद पडते. जेट क्लीनरने आणि हवेने साफ करावा, तार खुपसू नये, कारण छिद्र मोठे झाले की इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते.

चेसिस वाकलेली असेल तर मात्र गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. कुणाला तरी ती सरळ चालवायला सांगून मागून पाहिले आणि दोन्ही चाके एका रेषेत दिसली नाहीत, तर पुढची बोलणी तिथेच थांबवावीत.

आपल्या पानावर रंगकामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो येतात, तसे एकदा झिजलेला आणि नवा स्प्रॉकेट, तडकलेला आणि ताजा टायर शेजारी शेजारी ठेवून छापता आले, तर विकत घेण्याआधी काय पाहायचे हे नवख्या वाचकांना डोळ्यांनी कळेल. माझ्या गाडीचे काढलेले दोन्ही भाग मी अजून टाकलेले नाहीत. हवे असल्यास फोटोसाठी ते आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक नियमित वाचक