यंदा बाबचीचं ताट मांडताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

24 डिसेंबरचं, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या रात्रीच्या जेवणाचं टेबल यंदा तू मांडणार आहेस, तेही बाबची (तुझी पोलिश-लिथुआनियन आजी) नसताना. तिने काहीच लिहून ठेवलं नाही, सगळं तिच्या हातात होतं. म्हणून तिची पद्धत जशीच्या तशी लिहून पाठवते आहे. घाईत वाचू नकोस. यातली काही कामं आठवडाभर आधी सुरू होतात.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. तिचे वडील लिथुआनियन आणि आई पोलिश, दोघंही पेन्सिल्व्हेनियातल्या शेनान्डोआच्या कोळसा खाणीवाल्या घरांतली. त्या गावाला लोक लिथुआनियाच्या राजधानीवरून ‘उत्तर अमेरिकेचं विल्नियस’ म्हणत. लिथुआनियन आणि पोलिश माणसं आधी एकाच चर्चमध्ये जायची. पुढे भाषेवरून बिनसलं आणि लिथुआनियनांनी आपलं सेंट जॉर्ज चर्च वेगळं केलं (ते 2010 मध्ये पाडलं). बाबचीने मात्र जन्मभर दोन्ही घरं एका टेबलावर बसवली, आणि कुठला पदार्थ कुणाकडचा याची सरमिसळ कधी होऊ दिली नाही. या रात्रीला लिथुआनियन ‘कूचोस’ म्हणतात आणि पोलिश ‘विगिलिया’. पदार्थ बारा, मांस अजिबात नाही. जुन्या लिथुआनियन रीतीत दूध, लोणी, अंडीही चालत नाहीत. पोलिश घरांत लोण्याला आडकाठी नसते. बाबची कडक बाजू धरायची, म्हणून पिएरोगीसुद्धा (सारण भरलेल्या पोलिश करंज्या) तेलावरच परतायची. तूही तेच कर. बारा पदार्थ मोजताना पाव आणि सुक्या फळांचं सरबतही मोजायचं, म्हणजे संख्या ऐकून दडपण येत नाही.

आता बार्श्च, म्हणजे बिटाचं पोलिश सार. याचं आंबवण 17 तारखेलाच घाल. एक किलो बीट सोलून जाड चकत्या कर. काचेच्या बरणीत त्या चकत्या, चार-पाच ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन तमालपत्रं आणि थोडे ऑलस्पाइसचे दाणे घाल. एक लिटर पाणी उकळून, पूर्ण गार करून त्यात 20 ग्रॅम मीठ विरघळव आणि बिटावर ओत. वर छोटी बशी दाबून ठेव, कारण बुरशी धरते ती पाण्याबाहेर डोकावणाऱ्या चकतीवरच. बरणीचं झाकण घट्ट लावू नकोस, आत वायू तयार होतो. पाच ते सात दिवसांत पाणी गडद, किंचित दाट आणि छान आंबट होतं. पांढरा फेस आला तर काढून टाक. केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी फेकून दे, हळहळू नकोस.

त्या रात्री भाज्यांचं आणि सुक्या मशरूमचं पाणी उकळून तयार ठेव, आंबवण अगदी शेवटी घाल आणि फक्त गरम कर. उकळी आली की तो माणकासारखा लाल रंग जातो आणि सार विटकरी दिसायला लागतं. बहुतेकांचं सार बिघडतं ते याच पायरीवर. बाबची भांड्यापासून हलायची नाही, कडेला पहिला बुडबुडा दिसला की गॅस बंद.

लिथुआनियन बाजूचं खरं वैभव म्हणजे ‘कूचुकाई’, खसखशीची बोराएवढी कडक बिस्किटं. अर्धा किलो मैदा, 7 ग्रॅम ड्राय यीस्ट, 80 ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ, 60 मिली तेल, तीन मोठे चमचे खसखस आणि साधारण 250 मिली कोमट पाणी. कणीक मऊ पण हाताला न चिकटणारी हवी. तासभर फुगू दे. मग करंगळीएवढ्या जाड वळ्या करून सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे काप आणि ओव्हनमध्ये 190 अंश सेल्सिअसवर 10 ते 12 मिनिटं भाज. तुकडे लहानमोठे झाले की लहान करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात, म्हणून सुरी सावकाश चालव. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, नाहीतर वाफेने मऊ पडतात.

ही बिस्किटं बुडतात ती खसखशीच्या दुधात, ‘आग्वनपिएनस’मध्ये. ‘पिएनस’ म्हणजे दूध. संस्कृतातला ‘पयस्’ त्याचाच भाऊबंद, आणि त्यांचा ‘दिएवस’ म्हणजे आपला देव. दुधासाठी निळी खसखस 200 ग्रॅम घे, विकत घेताना चाखून बघ. जुनी खसखस खवट लागते आणि साखरेने ती चव झाकली जात नाही. 23 च्या रात्री दोन-तीन पाण्यांनी धू, उकळतं पाणी ओतून झाकून ठेव. सकाळी निथळून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबत थांबत वाट. सलग फिरवलीस तर तापून कडवट होते. पांढरट पाणी सुटलं की लिटरभर उकळून गार केलेलं पाणी घालून गाळ आणि मधाने गोड कर. बिस्किटं वाढताना घाल, आधी घातली तर लगदा होतो.

टेबलावर मूठभर सुकं गवत पसरून त्यावर पांढरा कापडी पट्टा घाल. पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायचं नाही. मग पोलिश ‘ओप्वातेक’, गव्हाची नक्षीदार पातळ पोळी. पाकिटात कोरडी ठेव, दमट झाली की मोडत नाही, चिवट होते. आपली पोळी समोरच्यापुढे धरायची, त्याने तिचा तुकडा मोडायचा, आपण त्याच्या पोळीचा, आणि एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या. सगळ्यांशी हे झाल्यावरच बसायचं.

आणि रिकामं ताट. पोलिश घरांत ते अनपेक्षित पाहुण्याचं असतं. कोल्हापूरच्या आजीला समजावताना वळिवड्याची छावणी सांग. 1943 ते 1948 मध्ये तिथे जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित होते. लिथुआनियन घरांत ते ताट त्या वर्षी गेलेल्या माणसाचं असतं आणि त्यावर छोटी मेणबत्ती लावतात. यंदा दोन ताटं मांड, सरमिसळ नको. बाबचीचं तिच्या नेहमीच्या जागेवर, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून.

जेवण झालं की टेबल आवरू नकोस, रात्रभर तसंच राहू दे, पितरांसाठी. मेणबत्ती मात्र झोपण्याआधी न विसरता विझव. खाली गवत आहे.

तुझी,
आई