काठिण्यपातळी खेळणाऱ्याच्या हाती असावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेमविषयी आपल्या मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुतेक वेळा मुलांचे डोळे, मोबाइलचे वेड आणि परीक्षेतले गुण यांच्याभोवतीच फिरते. ही काळजी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमच्या अतिरेकातून होणाऱ्या विकाराची नोंद आहे, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. परंतु एखादा गेम चांगला कशामुळे ठरतो, हा प्रश्न मात्र आपल्याकडे कोणी विचारत नाही. राजारामपुरीत मी एक लहानसे गेमिंग सेंटर चालवतो; पूर्वी त्याच जागेत माझा सायबर कॅफे होता. संध्याकाळी क्लास सुटल्यावर येणारी मुले आणि रात्री कामावरून परतताना तासभर टेकणारे तरुण यांचे खेळणे रोज जवळून पाहत असल्यामुळे, गेम किती अवघड असावा म्हणजे तो खेळावासा वाटत राहील, या एका मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

‘फार सोपा नको आणि फार अवघडही नको’ हे या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांशी बोलून १९७५ मध्ये जे मांडले, त्याचा आशयही हाच आहे. अंगचे कौशल्य आणि समोरचे आव्हान यांचा मेळ बसला की माणूस भान हरपून रमतो. आव्हान कमी पडले तर कंटाळतो आणि झेपेनासे झाले तर धास्तावतो. गेम तयार करणारे आजही या मांडणीचा आधार घेतात आणि मला ती पटते. खरी अडचण त्यापुढची आहे. कुस्तीच्या मैदानात जोड ठरवणारे वस्ताद दोन्ही पैलवानांना ओळखत असतात. वय, वजन आणि तयारी पाहूनच ते तोलामोलाची जोड लावतात. गेम बनवणाऱ्याला खेळणारा कधी दिसतच नाही. जपानात बसून त्याने ठरवलेली काठिण्यपातळी कोल्हापुरातल्या दहा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला येते आणि तिच्या साठीतल्या आजोबांच्याही.

सुरुवातीच्या काळातील गेमकारांनी हा पेच आपापल्या परीने सोडवला. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये पडद्यावरचे शत्रू जसजसे कमी होत, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत असे, कारण चितारायची चित्रे कमी झाली की यंत्र भरभर चाले. निशिकादो यांनी ते तसेच ठेवले आणि खेळता खेळता आपोआप अवघड होत जाणारा गेम लोकांना मिळाला. तोरू इवातानी यांच्या १९८० च्या ‘पॅक-मॅन’मधली चार भुते सारखी पाठीमागे लागत नाहीत. पहिल्या पातळीवर ती आधी ७ सेकंद आपापल्या कोपऱ्यांकडे वळतात, मग २० सेकंद पाठलाग करतात आणि पुन्हा कोपऱ्यांकडे जातात. ही उसंत सर्वांना सारखीच मिळते. तिचा उपयोग करून घ्यायचा की नाही, ते खेळणाऱ्यावर अवलंबून असते. अंदाज चुकल्याचीही उदाहरणे आहेत. निन्टेन्डोने १९८६ मध्ये जपानात काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ इतका अवघड होता की कंपनीच्या अमेरिकी शाखेने तो तिकडे आणलाच नाही. तिथल्या लोकांना तो १९९३ मध्ये ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने मिळाला.

कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांचा किस्सा मला या सगळ्यांत अधिक बोलका वाटतो. ‘ग्रेडियस’ हा गेम घरगुती यंत्रावर आणताना तो तपासण्यासाठी शेवटपर्यंत खेळणे त्यांना स्वतःलाच जमेना. तेव्हा बटणे ठरावीक क्रमाने दाबली की जवळजवळ सगळी शस्त्रे हाती यावीत, अशी सोय त्यांनी १९८६ मध्ये करून ठेवली. तोच क्रम पुढे घरगुती यंत्रावरच्या ‘कॉन्ट्रा’मध्ये ३० जीव देऊ लागला. नव्वदच्या दशकात टीव्हीला डबा जोडून, कॅसेट फुंकून गेम खेळलेल्या पिढीत अनेकांना ‘वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे’ हे आजही पाठ असेल. ३ जीवांत ‘कॉन्ट्रा’ पुरा करणारे मोजकेच होते. ३० जीव घेऊन खेळणाऱ्यांनी त्या गेमवर त्यांच्याइतकाच जीव लावला आणि त्यामुळे त्या मोजक्यांचे कौतुक तसूभरही कमी झाले नाही.

माझ्या मते अवघडपणाची पहिली कसोटी अशी की, हरणाऱ्याला आपण का हरलो ते कळले पाहिजे. २०१९ मध्ये आलेला ‘सेकिरो’ हा तलवारबाजीचा गेम अतिशय अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे तो खेळत असे. या गेममध्ये ढालीसारखी तलवार धरून न अडवता येणारा वार येण्यापूर्वी पडद्यावर लाल रंगाचे एक चिन्ह चमकते. तलवार भोसकायला येत असेल तर मागे न सरता पुढे पाऊल टाकून ती पायाखाली दाबायची असते, आणि खालून आडवी फिरत असेल तर उडी मारायची असते. सुरुवातीला हा मुलगा लाल चिन्ह दिसले रे दिसले की घाबरून मागे पळायचा आणि मरायचा. पुढे तो चिन्ह सोडून शत्रूच्या खांद्याकडे पाहू लागला, आणि वार कुठून येणार हे त्याला आधीच ओळखू येऊ लागले. मेल्यावर तो कंट्रोलर खाली ठेवत नसे. ‘उडी मारायला पायजे होती’ असे स्वतःशी पुटपुटून लगेच पुन्हा सुरू करत असे. हाच मुलगा एका फुकट मिळणाऱ्या मोबाइल गेममध्ये, पडद्याबाहेरून आलेल्या गोळीने तीनदा मेला तेव्हा ‘ह्येच्यात कायतरी घोळ हाय’ म्हणून त्याने फोन बाजूला टाकला. पहिला गेम दुसऱ्यापेक्षा कितीतरी अवघड होता, तरी त्याला सोडवला नाही तो पहिलाच.

याला जोडूनच पुन्हा प्रयत्न करण्याची किंमत पाहावी लागते. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये डोंगर चढणारी मॅडलिन शेकडो वेळा पडते, पण पडताक्षणी त्याच टप्प्याच्या सुरुवातीला उभी राहते, त्यामुळे पडण्याचा राग येण्याआधीच बोट पुढच्या उडीसाठी तयार असते. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्येही अनेक मोठ्या लढतींच्या अगदी जवळून पुन्हा सुरुवात करण्याची सोय ठेवली आहे. याउलट, एका चुकीसाठी पाठ झालेला लांबलचक रस्ता पुन्हा चालायला लावणारे गेम कौशल्याची परीक्षा घेत नाहीत, ते फक्त वेळ खातात. त्या अवघडपणाचे समर्थन मला करता येत नाही.

आता खेळणाऱ्याच्या नकळत काठिण्यपातळी बदलणाऱ्या गेमविषयी. २००५ च्या ‘रेसिडेंट एव्हिल ४’मध्ये खेळणारा वारंवार मरू लागला की काही ठिकाणी शत्रूंची संख्या गुपचूप कमी होते आणि तो चांगला खेळू लागला की शत्रू चिवट होतात. कल्पना हुशारीची आहे आणि एकट्याने खेळायच्या भयकथेत ती चालून जाते, हे मी नाकारत नाही. पण जिथे समोर दुसरा माणूस आहे असे सांगितले जाते, तिथे हीच गोष्ट फसवणूक ठरते. मोबाइलवरील कित्येक लढाईच्या गेममध्ये नवख्याला सुरुवातीच्या सामन्यांत माणसांसारखी नावे घेतलेले बॉट, म्हणजे संगणकच चालवत असलेले खेळाडू, दिले जातात, जे समोर उभे राहून मरण्यासाठीच असतात. पाचवी-सहावीतला मुलगा पहिल्याच दिवशी सर्वांवर मात करून पहिला येतो आणि घरभर सांगत सुटतो. खासबागेतल्या प्रेक्षकाला नुरा कुस्ती लगेच ओळखू येते आणि तो ती खपवून घेत नाही. त्या मुलाला ती ओळखण्याचे काही साधनच नसते. पुढे खरी माणसे समोर आली की तो सपाटून हरतो, आणि आपण काल जिंकत होतो ते आज का हरतो, याचा उलगडा त्याला होत नाही. मुले चिडचिडी होतात, फोन आपटतात, अशी तक्रार पालक माझ्याकडेही करतात. त्या चिडचिडीचे एक कारण मला इथे दिसते.

याहून वाईट म्हणजे अवघडपणा विकणे. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’ने रूढ केलेली रीत आता सर्वत्र दिसते: ५ जीव संपले की एक जीव परत येण्यासाठी ३० मिनिटे थांबायचे, नाहीतर पैसे मोजायचे, आणि एक-दोन चालींनी डाव हुकला तर जादा चालीही विकत घ्यायच्या. अशा गेममध्ये एखादी पातळी अवघड ठेवण्यात बनवणाऱ्याचा थेट आर्थिक फायदा असतो. ती खेळाच्या गोडीसाठी अवघड ठेवली की गल्ल्यासाठी, हे खेळणाऱ्याने ओळखायचे कसे? पूर्वीच्या गेम पार्लरमधली नाण्यावर चालणारी यंत्रेही लवकर हरवूनच पैसे मिळवत, असा युक्तिवाद होतो आणि तो खोटा नाही. पण तिथे पुढचे नाणे टाकूनही जिंकायचे स्वतःच्या हातानेच असे, आणि खिशातली चिल्लर संपली की घरी जावे लागे. फोनला जोडलेल्या वडिलांच्या खात्याला तशी मर्यादा नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, अवघडपणा कमी-जास्त करण्याची मुभा उघडपणे, विनामूल्य आणि खेळणाऱ्याच्याच हाती असावी. ‘सेलेस्ट’ने हे करून दाखवले. हा गेम मुळात कठीण आहे आणि तसाच खेळावा, असे बनवणारे आधी स्पष्ट सांगतात. त्यानंतर ज्याला गरज आहे त्याला वेग कमी करण्याची, चढताना न दमण्याची, अगदी न मरण्याचीही सोय मोकळी करून देतात. कोणी त्याला हिणवत नाही की पैसे मागत नाही.

यावर कट्टर खेळाडूंचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण माझ्याच सेंटरमध्ये त्यावर रात्री उशिरापर्यंत वाद होतात. ‘सेकिरो’त सोपा पर्याय नाही म्हणूनच तो जिंकल्याचा आनंद इतका मोठा आहे, पळवाट दिली की सगळेच ती घेतील, असे ते म्हणतात. त्यांच्या आनंदाविषयी मला आदर आहे. तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. परंतु ‘एल्डन रिंग’ पाहा. त्यातही सोपा-मध्यम-कठीण असा पर्याय नाही, तरी एखादा शत्रू भारी पडला तर त्याला सोडून दुसऱ्या दिशेने जाता येते, ताकद वाढवून परत येता येते, मदतीला साथीदार बोलावता येतो. वर्षभरात त्याच्या २ कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि अवघड गेम म्हणून त्याचा लौकिक कायम राहिला. दुसऱ्याने साथीदार बोलावला म्हणून एकट्याने लढणाऱ्याचा विजय हलका झाला, असे म्हणणारा फारसा कोणी मला भेटलेला नाही.

शिवाय या वादात एक माणूस नेहमी विसरला जातो. शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणारा एक तरुण माझ्याकडे येतो. मशीनवर झालेल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे निम्म्यावरून गेली आहेत. कंट्रोलरच्या मागच्या बाजूची बटणे त्याला वेळेवर दाबता येत नाहीत. आम्ही सेटिंगमध्ये जाऊन ती कामे डाव्या हाताच्या बटणांवर घेतली, आणि ज्या गेममध्ये वेग कमी करता येतो तिथे तो थोडा कमी केला. तेवढ्याने तो घामाघूम होईपर्यंत खेळतो, हरतो, पुन्हा बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्याची पातळी ‘सोपी’ दिसेल. त्याच्या हातांसाठी ती इतरांच्या कठीण पातळीइतकीच कठीण आहे. २०१८ मध्ये आलेला, अपंग खेळाडूंसाठी बनवलेला एक्सबॉक्सचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर किंवा २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मधल्या, कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या आणि हालचालींना मर्यादा असणाऱ्या खेळाडूंसाठीच्या ६० हून अधिक सोयी याच समजुतीतून आल्या आहेत. अशा सोयींना ‘सवलत’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी या तरुणाशेजारी अर्धा तास बसावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत चित्रपट, नाटक आणि पुस्तके यांची परीक्षणे आपण नेमाने छापता. त्यांच्या शेजारी पंधरा दिवसांतून एकदा एखाद्या गेमचे परीक्षण द्यावे. त्यात गोष्ट आणि चित्रे कशी आहेत याबरोबरच, काठिण्यपातळी बदलता येते का, हरल्यावर पुन्हा सुरुवात कुठून होते, पुढे जाण्यासाठी पैसे मागितले जातात का आणि समोर माणसे आहेत की बॉट, एवढे चार मुद्दे जरी आले तरी पालकांना ‘खेळू नको’ याखेरीज मुलांशी बोलायला काहीतरी हाती लागेल. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढून आपल्याकडेही असे काम होऊ शकते हे दाखवले आहे, आणि माझ्या सेंटरमध्ये बसून गेम बनवण्याची स्वप्ने पाहणारी कॉलेजची मुले कमी नाहीत. परीक्षणे लिहायला कोल्हापुरातच जाणकार मिळतील. त्यासाठी लागणारी यंत्रे आणि जागा माझ्या सेंटरमध्ये दुपारच्या वेळी विनामूल्य उपलब्ध करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक गेमिंग सेंटर चालक,
राजारामपुरी, कोल्हापूर